रानफुलाच्या जुन्या चित्रातला रंग मूळचा की नंतरचा, हे कसे ओळखावे

जुन्या पुस्तकातले, छापून मग हाताने रंगवलेले असे हे चित्र आधी फ्रेममधून बाहेर काढा. काचेआडून दिलेल्या मताला किंमत नाही.

दहापट मोठे दाखवणारे भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रावरची; विषय संपला. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या रेघा सलग, टोकाला निमुळत्या असतात. आडवा उजेड पाडला की शाई किंचित वर उठलेली दिसते. पत्र्याच्या कडेने दबलेला चौकोन नसला तरी घाबरू नका. बांधणीत कडा बऱ्याचदा कापल्या जात. उलट नुसत्या चौकोनावर विसंबूही नका, तो नकलेवरही उठवता येतो.

आता रंग. इथे मी बरीच वर्षे चुकत होतो, कारण छाप जुना, कागद जुना आणि रंग मात्र अलीकडचा, असे सर्रास घडते. बिनरंगी चित्र रंगवले की भाव वाढतो. आणि ‘हाताने रंगवलेले’ एवढ्याने वय कळत नाही: १७८७ साली सुरू झालेल्या कर्टिस यांच्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’ या इंग्रजी वनस्पतिविषयक नियतकालिकातली चित्रे १९४८ पर्यंत हातानेच रंगवली जात.

‘रंग टवटवीत म्हणजे नवा’ हे साफ चूक. मिटलेल्या पुस्तकात उजेड लागत नाही, रंग तसाच राहतो. हा सल्ला ऐकून मी एक अस्सल चित्र परत केले, त्याची हळहळ आजही वाटते. ‘ओले बोट फिरवून बघा’ हा सल्ला तर घातकच. जलरंग दोनशे वर्षांनीही पाण्याने सुटतो. त्यातून सिद्ध काहीच होत नाही, पाकळी मात्र कायमची फिसकटते.

त्याऐवजी चित्र उलटे करा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागदाला हळूहळू खातो आणि मागच्या बाजूला पानांच्या आकाराची तपकिरी सावली उमटते. ती दिसली तर रंग तिथे फार काळ आहे, हे मी निःशंकपणे मानतो. सावली नसली तर निष्कर्ष काढू नका. निळा आणि पिवळा मिसळून केलेला हिरवा असे करत नाही.

मग रंगाची कड भिंगातून बघा. जुन्या कागदाची खळ, म्हणजे शाई-रंग फुटू नये म्हणून दिलेला लेप, काळाने कमजोर होते, त्यामुळे नव्याने लावलेला रंग तंतूंत शिरून रेघेबाहेर पिसासारखा पसरतो, कधी मागेही झिरपतो. घासटलेल्या किंवा फाटलेल्या जागी रंग आत उतरला असेल तर तो इजेनंतरचा, यात शंका नको.

हाताची सफाईही बघा. त्या काळचे रंगारी नमुना समोर ठेवून एकाच फुलाच्या ढीगभर प्रती रंगवत. त्यांचे फटकारे मोजके, सराईत. पाकळीच्या उजळ भागात कोरा कागद बेधडक सोडलेला. प्रत्येक कोपरा जपून भरलेला दिसला की मी पुन्हा मागची बाजू तपासतो.

चित्रासमोरचे मजकुराचे पान सोबत असेल तर त्यावर फुलाच्या रंगाची फिकट प्रतिमा उतरली आहे का, तेही बघा; असेल तर चित्र पुस्तकात असतानाच रंग होता, असे मानायला आधार मिळतो.