वाडीतल्या या चुका टाळा: विहीर आणि वाफसा

मुंबईच्या किनाऱ्यावर मनोरीला आमची दहा गुंठ्यांची भाजीची वाडी आहे. मे महिना लागला की दर वर्षी कोणी ना कोणी विचारायला येतं, ‘जागा घेतलीय, काय लावू?’ मी म्हणते, आधी विहिरीचं पाणी चाखून या. ते राहतं बाजूला आणि बियाण्यांची पाकिटं आधी घरी येतात.

विहीर उपसणं ही या किनाऱ्यावरची सगळ्यात महागडी चूक. जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. बेताने घेतलं तर गोडंच मिळतं, जोरात खेचलं की खालचं खारं वर चढतं. माझ्या भाच्याने एक एचपीचा पंप काढून तीनचा बसवला. वीस मिनिटांत वाडी भिजते म्हणून खूश होता. पंधरा दिवसांत काकडीच्या पानांच्या कडा करपल्या. पाणी कमी पडतंय असं समजून त्याने आणखी पाजलं. मी ओंजळभर तोंडात घेतलं तर मचूळ! काकडी गेली, भेंडी खुरटली, आणि शेजारच्या घराची विहीरही बिघडली. ते लोक तेच पाणी पीत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. जुलैच्या पावसाने मीठ धुऊन नेलं, तेव्हा कुठे त्या वाफ्यांत पुन्हा काही उगवलं. आता आम्ही सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास पंप चालवतो, मधल्या वेळात विहीर भरू देतो. एप्रिलपासून रोज पहिल्या पाण्याचा घोट मी स्वतः घेते. जरा चव बदलली की त्या दिवशी पंप बंद, मग पीक सुकलं तरी चालेल.

पहिल्या सरीला पेरू नका. मुंबईत मान्सून पोहोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी एखादी वळवाची सर येते, मातीचा वास सुटतो आणि लोक बी टाकून मोकळे होतात. मग आठवडाभर ऊन पडलं की कोंब जळतात. मी शिराळी, पडवळ, दुधीची रोपं पिशव्यांत करून ठेवते आणि पाऊस नीट धरला की लावते.

वाफसा, म्हणजे जादा पाणी निथरून माती मोकळी झालीय का, हे न बघता वाफ्यात उतरणारे लोक दिसले की माझा जीव वरखाली होतो. एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ओल्या मातीत पाय पडला की ती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हात तिची वीट होते. आमची माती रेताड, म्हणून लवकर मोकळी होते. खाडीकडच्या चिकण मातीत मात्र धीर धरावाच लागतो. मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटली तर वाफसा आलाय, लाडूसारखी राहिली तर घरी जा. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना हे पटत नाही, कारण सुट्टी दोनच दिवसांची. पण मातीला तुमची सुट्टी कळत नाही. वाफे वीतभर उंच गादीचे करा आणि पाय चरीतच ठेवा.

मेथी-कोथिंबीर भर पावसात उघड्यावर लावू नका, कुजते. ते दिवस अळूचे आणि मांडवावरच्या वेलांचे.

कच्चं शेण टाकलं तर मुळं खाणारी हुमणी अळी मागोमाग येते. खत पुरतं कुजू द्या.

युरियाने माठाची भाजी झटपट उठते खरी, पण लुसलुशीत पानांवर रस शोषणारी मावा कीड आधी बसते. मला तो हिरवेपणा बघवत नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड त्याच दिवशी उपटा. चार भेंड्यांच्या मोहाने ठेवलंत तर पांढरी माशी रोग पुढच्या ओळीत नेते. आणि उपटलेलं झाड बांधावर टाकू नका, लांब नेऊन पुरा.