सिग्नलवर आपोआप बंद होणारे इंजिन आपल्या ताब्यात कसे ठेवावे

सिग्नलला गाडी थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून क्लचवरचा पाय उचलला की इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते, ही सोय आता मोठ्या गाड्यांपुरती उरलेली नाही. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्ट या मोटरसायकलीत आणि मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) प्रकारात ती दिली, आणि त्यानंतर ती हॅचबॅकपासून स्कूटरपर्यंत सगळीकडे पोहोचली. तरीही अनेक मालक गाडी घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात या सोयीला वैतागतात आणि एक तर दर वेळी बटण दाबून ती बंद करतात, नाही तर ओळखीच्या मेकॅनिककडे जाऊन तिची वायरच काढून घेतात. माझ्या मते या दोन्हींची गरज नसते. इंजिन बंद करण्यापूर्वी गाडीतला संगणक काय काय तपासतो हे एकदा समजले, की ते केव्हा बंद व्हावे आणि केव्हा होऊ नये हे बहुतेक वेळा केवळ पायाने ठरवता येते.

पायाने नियंत्रण

मॅन्युअल गिअरच्या गाडीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: गाडी पूर्ण थांबलेली असणे, गिअर न्यूट्रलमध्ये असणे आणि क्लचवरून पाय पूर्णपणे उचललेला असणे. यांपैकी एक जरी जुळली नाही तरी इंजिन चालू राहते. म्हणून चौकात क्षणभरच थांबायचे असेल, समोरच्या सिग्नलच्या आकड्यांत सात-आठ सेकंदच उरले असतील, तर पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवावा. इंजिन बंद होणार नाही. मात्र ही युक्ती काही सेकंदांपुरतीच ठीक आहे, कारण क्लच बराच वेळ दाबून ठेवल्यास त्याचे रिलीज बेअरिंग झिजते. थांबा लांबणार असेल तर सरळ न्यूट्रल करून पाय उचलावा आणि इंजिन बंद होऊ द्यावे. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार, दहा सेकंदांहून अधिक काळ इंजिन नुसते चालू ठेवण्यात जेवढे इंधन जळते, त्यापेक्षा ते बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी जळते. त्यामुळे दहा सेकंद हा हिशेब मनात ठेवला की निर्णय सोपा होतो.

ऑटोमॅटिक गाडीत ही सूत्रे ब्रेकच्या पेडलकडे असतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक जोरात दाबला तर इंजिन बंद होते आणि गाडी जेमतेम जागेवर राहील इतकाच हलका दाबला तर ते चालूच राहते. आपल्या गाडीत हा फरक नेमका किती दाबावर पडतो, हे रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर दोन-चार वेळा थांबून पाहावे. एकदा पायाला तो अंदाज आला की बटणाकडे हात फारसा जातच नाही.

पुन्हा सुरू करताना क्लच तळापर्यंत दाबावा. अर्धवट दाबलेला क्लच पुष्कळ गाड्यांत सेन्सरला पुरेसा वाटत नाही, स्टार्टर फिरत नाही, आणि मागून हॉर्न सुरू झाले की माणूस गडबडतो. आधी क्लच, मग इंजिनचा आवाज, मग पहिला गिअर, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. सिग्नल हिरवा होण्यापूर्वी दोन-तीन सेकंद क्लच दाबून ठेवला तर गाडी निघायला उशीरही होत नाही.

इंजिन बंदच होत नाही म्हणून गाडी बिघडली असे समजू नये. इंजिन अजून थंड असेल, एसीला केबिन गार करायला कॉम्प्रेसर हवा असेल, काचेवरचे बाष्प घालवण्याचे बटण चालू असेल, सीटबेल्ट लावलेला नसेल, रस्ता चढाचा असेल किंवा डिझेल गाडीचा काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करत असेल, तर यंत्रणा मुद्दामच इंजिन चालू ठेवते. उलट, बंद झालेले इंजिन तुम्ही काहीही न करता मध्येच सुरू झाले, तर त्यालाही कारण असते. उभ्या गाडीत ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की ब्रेकला मदत करणारा निर्वात दाब संपत येतो आणि तो परत भरण्यासाठी इंजिन सुरू होते. एसी बंद राहून केबिन तापले किंवा बॅटरी उतरू लागली तरीही तसेच घडते. म्हणूनच इंजिन बंद असतानाही पाय ब्रेकवर ठेवावा किंवा हँडब्रेक ओढावा.

बटण कुठे दाबलेच पाहिजे

डॅशबोर्डवर किंवा गिअरजवळ गोल बाणाच्या आत ‘ए’ अक्षर असलेले बटण असते. ते दाबले की यंत्रणा त्या फेरीपुरती बंद होते आणि पुढच्या वेळी गाडी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पुन्हा आपोआप जागी होते. मायलेज व प्रदूषणाच्या चाचण्या ही यंत्रणा चालू ठेवून झालेल्या असतात, त्यामुळे कंपन्या तिला कायमची बंद ठेवण्याची सोय सहसा देत नाहीत.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेले दिसले की त्यात शिरण्यापूर्वीच हे बटण दाबावे. ही सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो. सखल भागातल्या गुडघाभर पाण्यात, पुढची गाडी थांबली म्हणून आपण थांबलो आणि इंजिन आपोआप बंद झाले, तर सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर थांबतो आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळते. दुसरा धोका याहून मोठा आहे. अनेक गाड्यांत इंजिन चालता चालता बंद पडले तरी क्लच दाबताच यंत्रणा ते स्वतःहून सुरू करते. एरवी ही सोय कामाची असते. परंतु हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेल्यामुळे इंजिन बंद पडले असेल, तर ते पुन्हा फिरवल्यावर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याची दुरुस्ती अतिशय महाग असते. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर क्लचला पाय न लावता इग्निशन बंद करावे आणि गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी.

घाटात वाहनांची रांग इंचाइंचाने सरकत असेल, तेव्हाही यंत्रणा बंदच ठेवलेली बरी, कारण चढावर इंजिन सुरू होण्याचा तो एक क्षणही गाडी मागे घसरायला पुरेसा ठरू शकतो. भर वाहतुकीत उजवीकडे वळताना किंवा अरुंद जागेत गाडी पुढे-मागे करून लावतानाही हेच लागू पडते. टर्बो इंजिन असेल आणि द्रुतगती मार्गावर बराच वेळ वेगात आल्यानंतर खालापूरच्या टोलनाक्यावर रांग लागली असेल, तर इंजिन मिनिटभर चालू राहू द्यावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगला तेलाचा पुरवठा होत राहतो.

बॅटरी

चालू-बंद यंत्रणेच्या तक्रारींमध्ये दोष बहुतेक वेळा बॅटरीचा निघतो. दिवसातून कित्येकदा स्टार्टर फिरवावा लागत असल्याने अशा गाडीत साधी बॅटरी नसते. ईएफबी किंवा एजीएम प्रकारची असते आणि ते तिच्या लेबलवर छापलेले असते. बॅटरी बदलताना दुकानदार त्याच मापाची साधी बॅटरी स्वस्तात देऊ करतो. ती बसते, गाडीही सुरू होते, पण वारंवारच्या चार्जिंग-डिस्चार्जिंगमुळे लवकरच दम तोडते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते, हेही आधी विचारून घ्यावे.

बॉनेट उघडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे पाहिले, तर बऱ्याच गाड्यांत केबलच्या पकडीवरच एक छोटी काळी डबी आणि तिला जोडलेली बारीक वायर दिसते. हा बॅटरीचा सेन्सर असतो. किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली, याचा हिशेब तो ठेवतो, आणि त्याच हिशेबावर इंजिन बंद करायचे की नाही हे ठरते. डॅशकॅम किंवा अ‍ॅम्प्लिफायर बसवणारा कारागीर त्याची अर्थिंगची वायर थेट या टोकावर जोडून देतो, तेव्हा ती वीज सेन्सरच्या नकळत खर्च होते आणि हिशेब चुकतो. अर्थिंग नेहमी गाडीच्या बॉडीवर, कंपनीने दिलेल्या जागी घ्यावे. जंपर केबल लावतानाही ऋण केबल बॅटरीच्या टोकाला न लावता तिथेच लावावी.

इंजिन एरवी सिग्नलला बंद व्हायचे आणि अलीकडे होईनासे झाले, तर बॅटरी थकत चालल्याची ती पहिली खूण असू शकते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच धावत असेल, तर आधी एकदा तासभर सलग चालवून पाहावी; तेवढ्याने फरक पडला नाही, तर बॅटरी तपासून घ्यावी. वायर तोडणे, बॅटरीच्या सेन्सरचा किंवा बॉनेटच्या स्विचचा प्लग काढून ठेवणे, हे उपाय करू नयेत. त्यामुळे चार्जिंगचे गणित किंवा चोरीचा अलार्म बिघडतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

दुचाकी, आणि गाडीतून उतरताना

हिरोच्या आयथ्रीएस यंत्रणेत मोटरसायकल न्यूट्रलमध्ये पाच सेकंद उभी राहिली की इंजिन बंद होते आणि क्लच दाबताच सुरू होते. गिअर नसलेल्या स्कूटरची गोष्ट वेगळी आहे: तिथे अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन सुरू होते आणि त्याच पिळण्याने स्कूटर पुढेही निघते. पुढे उभ्या राहिलेल्या लहान मुलाने थांबलेल्या स्कूटरची मूठ सहज फिरवली, तरी ती झेप घेऊ शकते. म्हणून सिग्नलला दोन्ही ब्रेक धरून ठेवावेत, मूल बरोबर असेल तर यंत्रणेचा स्विच बंद ठेवावा, आणि स्कूटर हाताने ढकलताना चावी बंद केल्याची खात्री करावी.

चारचाकीतही शांत झालेले इंजिन म्हणजे बंद केलेली गाडी नव्हे. इग्निशन चालूच असते. पट्टा सोडला किंवा दार उघडले की बहुतेक गाड्या आपोआप सुरू होण्याची क्रिया रोखतात, परंतु त्यावर विसंबून राहू नये. उतरताना, बॉनेट उघडताना, पेट्रोल किंवा सीएनजी भरताना चावीने अथवा बटणाने इग्निशन बंद करावे आणि मीटरवरचे दिवे विझलेले पाहूनच दार उघडावे.