घोड्याचा लंगडा सांधा शोधताना या चुका टाळा

लग्नसराई उतरणीला लागली की नागपुरातल्या वरातीच्या घोड्या तपासायला येऊ लागतात. सिमेंटच्या रस्त्यावर रात्ररात्र उभं राहून, नाचून पाय दुखावलेले असतात. नेमका कोणता सांधा दुखतोय हे नुसता हात फिरवून दरवेळी कळत नाही. मग संशय असलेल्या सांध्यात भूल द्यायची आणि लंगडणं थांबतं का ते पाहायचं. पद्धत खात्रीची आहे, पण घाई करणाऱ्याला ती भलतंच उत्तर देते.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. ती माझ्या हातून झाली आहे. नवीन असताना एका घोडीच्या पुढच्या पायात, खुराच्या आतल्या कॉफिन सांध्यात मी लिग्नोकेन हे भुलीचं औषध १० मिली भरलं आणि मालकासोबत चहाला गेलो. अर्ध्या तासाने पाहिलं तर घोडी सरळ पळत होती. दुखणं सांध्याचंच, असं सांगून मी मोकळा झालो. चार दिवसांनी नालबंदाने नाल काढली, तर मागच्या खिळ्याच्या भोकातून काळपट, घाण वासाचा पू आला. ते मुकं जनावर चार दिवस उगाच सोसत राहिलं. औषध सांध्यातच थांबलं नव्हतं. ते शेजारच्या नसांपर्यंत झिरपलं आणि खुराचा तळवाही बधिर झाला.

आता आधी नाल काढून चिमट्याने खूर दाबून बघतो, मगच सुई हातात घेतो. कॉफिन सांध्यात ६ मिलीच्या वर जात नाही आणि ५ ते १० मिनिटांत घोडी दुडक्या चालीने पळवून पाहतो. त्यानंतर दिसलेला फरक सांध्याच्या नावावर लिहीत नाही.

मागच्या पायाच्या स्टायफल सांध्याचं, म्हणजे आपल्या गुडघ्यासारख्या सांध्याचं, गणित उलटं. त्याला तीन कप्पे असतात आणि एकातलं औषध दुसऱ्यात जाईलच असं नाही. तिन्ही कप्पे भरावे लागतात आणि अर्धा तास तरी थांबावं लागतं. एकच कप्पा भरून ‘स्टायफल ठीक आहे’ म्हणणारे खूप पाहिलेत.

मालकांची एक सवय आडवी येते. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून आदल्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन देऊन आणतात. घोडी मुळात नीट लंगडतच नसेल, तर भुलीने काय फरक पडला हे कशावरून ओळखायचं? आधी कडक जमिनीवर सरळ रेषेत, मग गोलात पळवा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. गुंगीचं औषध शक्यतो नकोच, कारण झायलॅझिन वेदनाही दाबतं आणि चालही डळमळीत करतं. मोतद्दार धीराचा असेल तर बहुतेक घोड्या उभ्या राहतात.

स्वच्छतेत काटकसर अजिबात नको. पोव्हिडोन आयोडीनने पाच मिनिटं घासा, मग स्पिरिट, निर्जंतुक हातमोजे, नवी सुई आणि औषधाची नवी बाटली. अर्धी वापरलेली बाटली नको, अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेली तर नकोच. सुईच्या तोंडाशी पिवळसर थेंब आला, बोटांत धरल्यावर त्याची तार निघाली, की आपण सांध्यात आहोत. थेंब गढूळ, पाण्यासारखा पातळ आला तर भूल भरू नका. तो नमुना तपासायला पाठवा, आत जंतुसंसर्ग असू शकतो. वरच्या कातडीला जखम असेल तर तिथून सुई घालू नका. घोडी पाय टेकतच नसेल तर आधी एक्स-रे काढा. हाडाला तडा असेल आणि वेदना गेली, तर ती पूर्ण वजन टाकेल आणि हाड मोडेल.

काम झाल्यावर दोन दिवस वरात नाही, टांगा नाही. धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचाराच, घोड्यांना तो फार लवकर होतो. एक ते तीन दिवसांत सांधा गरम होऊन फुगला आणि लंगडणं आधीपेक्षा वाढलं, तर लेप-शेक करत बसू नका. सांधा लगेच आतून धुवावा लागतो. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, नाहीतर नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.