‘आत ओल शिरली आहे’ हे ऐकायची वेळ येण्याआधी: कॅमेरा बिघडला की या चुका टाळा

सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर एकच ओळ होती: ‘बॉडीत ओल शिरलेली आढळली, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ खाली खर्च 20,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 23,600. कॅमेरा मी दसऱ्याच्या सेलमध्ये 58,000 ला घेतला होता आणि वर्षाची वॉरंटी संपून पाच आठवडे झाले होते. सोबत एक फोटो जोडला होता. बॅटरीच्या कप्प्याजवळच्या स्क्रूच्या डोक्यावर, न घासलेल्या समईवर चढतो तसा हिरवा कळंक. मोहरीच्या दाण्याएवढा.

मालवणात राहणाऱ्या कुणाच्याही घरात असा डाग सापडेल. दाराच्या कड्या, शिलाई मशीन, टीव्हीच्या मागच्या पिना, खारी हवा कशालाच सोडत नाही. तो डाग बिघाडाचं कारण होता की निव्वळ बिघाडाच्या शेजारी होता, हे कुणीही तपासलं नाही. आणि मला भांडता आलं नाही, कारण भांडायला लागतो तो कागद माझ्याकडे नव्हता. कोकणात कॅमेरा वापरणाऱ्याची खरी अडचण हीच आहे. दोष मुळातला असला तरी खापर हवेवर फुटतं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते.

‘चालतोय ना अजून’ म्हणून थांबू नका

माझ्या कॅमेऱ्याने पहिला इशारा जुलैत दिला होता. एका बारशात शटर अडकलं, स्क्रीनवर एरर आला. बंद करून चालू केला, तर सुरळीत. सासूबाई म्हणाल्या, “कॅमेरो चलता हा मा, मगे ऱ्हवांदे.” मलाही तेच हवं होतं. पुढे गणपती होते, ऑर्डरी घेतलेल्या होत्या, आणि कॅमेरा पाठवायचा म्हणजे कोल्हापूरमार्गे मुंबई, तीन आठवड्यांची निश्चिंती. म्हणून ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात वॉरंटी गेली आणि नोव्हेंबरात कॅमेरा.

अधूनमधून येणारा बिघाड सगळ्यात वाईट. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर तो दिसतच नाही, ‘कॅमेरा ठीक आहे’ असा शेरा मारून परत येतो. म्हणून एरर आला त्या क्षणी, बंद करण्याआधी, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. एरर कोड वाचता आला पाहिजे, शटर अडकल्याचा आवाज आला पाहिजे आणि कॅमेऱ्याच्या तळाचा सिरीयल नंबर दिसला पाहिजे.

फोनवर तक्रार करून समाधान मानू नका

जुलैत मी हेल्पलाइनला फोन केला होता. पलीकडच्या मुलाने नीट ऐकून घेतलं, ‘सेटिंग रीसेट करून बघा मॅडम’ म्हणाला. तक्रार क्रमांक मी मागितला नाही. नोव्हेंबरात तो फोन झालाच नव्हता असं ठरलं.

दोन ओळींचा ईमेल पुरतो: कॅमेरा कधी, कुठून घेतला, सिरीयल नंबर, कोणत्या तारखेला काय झालं, सोबत व्हिडिओ आणि बिल. वॉरंटी चालू असताना लेखी तक्रार गेली असेल आणि तोच बिघाड नंतर वाढला, तर ‘मुदत संपली’ हे उत्तर लंगडं पडतं. बिलाचाही आजच फोटो काढून ठेवा. दुकानातली थर्मल कागदाची बिलं आपल्या हवेत वर्षभरात कोरी होतात.

हवेवर ढकललेला प्रत्येक दोष हवेचा नसतो

2005 च्या ऑक्टोबरात कॅमेऱ्यांच्या धंद्यात मोठी खळबळ उडाली. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमधली (उजेड टिपून फोटो बनवणारी चिप) आतली जोडणी उष्ण, दमट हवेत सुटत होती. फोटो जांभळट, वेडेवाकडे किंवा सरळ काळे येत. ते सेन्सर सोनीच्याच नव्हे, तर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा अशा इतरांच्या कॅमेऱ्यांतही होते, मुख्यतः 2002 ते 2004 च्या सुमाराच्या. कंपन्यांनी एकामागून एक जाहीर केलं की वॉरंटी संपली असली तरी दुरुस्ती मोफत. म्हणजे निमित्त दमट हवेचं होतं, तरी दोष सेन्सरच्या बनावटीत होता, आणि तो तसा मान्य झाला.

दुसरं उदाहरण निकॉन डी600 चं. 2012 मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पुन्हा पुन्हा ठिपके जमत. लोक साफ करून घेत, महिन्याभरात पुन्हा तेच. 2014 च्या फेब्रुवारीत कंपनीने तपासणी, सफाई आणि गरज पडल्यास शटर बदलणं मोफत केलं, तेही वॉरंटी संपलेल्यांना.

म्हणून एस्टिमेटला होकार देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलबद्दल सेवा-सूचना आहे का ते बघा. मॉडेलचं नाव आणि एरर कोड टाकून शोधा. हजारो जणांना तोच त्रास होत असेल तर ती तुमच्या घरची ओल नव्हे. (हल्ली मुलं जुने छोटे डिजिटल कॅमेरे हौसेने सेकंडहँड घेतात. 2002 ते 2004 च्या काळातला घेत असाल तर जागेवर दहा-बारा फोटो काढून बघा. वीस वर्षांनंतर त्या मोफत दुरुस्तीची आशा धरू नका.)

पाठवण्याआधी एवढं घरी तपासा

कार्डाचा एरर असेल तर आधी दुसरं, खात्रीच्या दुकानातलं कार्ड घाला. बनावट कार्डांनी बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांची बदनामी केली आहे. बॅटरी लवकर उतरत असेल तर कंपनीची बॅटरी घालून बघा. लेन्स ओळखत नसेल तर मागचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा, किनाऱ्यावर तिथे खारट थर बसतो.

फोटोत काळे ठिपके दिसतात? ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/16 किंवा एफ/22 वर, म्हणजे अगदी बारीक, ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. लेन्स बदलूनही ठिपके त्याच जागी असतील तर धूळ सेन्सरवर आहे. फोटो एकूणच धूसर येत असतील तर लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस, म्हणजे बुरशी. फंगस सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि जुनी असेल तर काचेवरचं कोटिंग खाऊन टाकते. सफाईनंतरही चट्टा राहतो.

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येऊन अडकली आणि आत जात नसेल, तर बहुतेक वेळा नळीत वाळूचा कण असतो. छोट्या रबरी ब्लोअरने हवा मारा. लेन्स हाताने दाबू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात आणि किरकोळ काम मोठं होतं.

तांदूळ, ड्रायर आणि ओळखीतला मेकॅनिक

होडीत लाट आली आणि कॅमेरा भिजला, की आधी बॅटरी आणि कार्ड काढा. चालू आहे का हे बघायला बटण दाबू नका. बहुतेक कॅमेरे त्या एका दाबाने जातात, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरचं मीठ पुसून घ्या आणि लवकरात लवकर दुरुस्तीला पोचवा. तांदळात ठेवल्याने मीठ निघत नाही, उलट पिठूळ कण फटींत जातात. ड्रायरची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते.

वॉटरप्रूफ म्हणून घेतलेल्या कॅमेऱ्यालाही ही काळजी लागते. तारकर्लीला डुबकी मारण्याआधी झाकणाच्या रबरी सीलवर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते बघा, आणि वर आल्यावर झाकण न उघडता कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा.

वॉरंटीत असताना ओळखीच्या माणसाकडूनही कॅमेरा उघडून घेऊ नका. एक स्क्रू हलल्याची खूण दिसली तरी हक्क जातो. वॉरंटी संपल्यावर मात्र बाहेरच्या चांगल्या कारागिराकडे जरूर विचारा. मी तेच केलं. मुंबईत फोर्टमधल्या एका कारागिराने मदरबोर्ड न बदलता शटरचं युनिट बदललं आणि माझा कॅमेरा 8,500 मध्ये चालू झाला. सर्व्हिस सेंटरला एस्टिमेट नाकारलं तर तपासणीचे पैसे पडतात का हे देतानाच विचारा, सुट्या भागांचा आणि मजुरीचा आकडा वेगळा लिहून घ्या, बदललेला भाग परत मागा.

‘ग्राहक मंच आपल्यासाठी नाही’ हा समज

धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याची तक्रार चालत नाही, असं लग्नाचे फोटो काढणारे कित्येक जण मानून चालतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतू वगळला आहे हे खरं, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वाचवली आहे. स्वतःच्या हाताने कॅमेरा चालवणारा फोटोग्राफर ग्राहक ठरू शकतो. तक्रारीत ती गोष्ट स्पष्ट लिहा.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच): सिंधुदुर्गासाठी ओरोस, रत्नागिरीकरांना रत्नागिरी, रायगडला अलिबाग. कंपनी दिल्लीत असो की मुंबईत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून आयोगात जायचं ठरवलंत तर कॅमेरा दुरुस्त करून घेऊ नका. फोर्टात कॅमेरा उघडला त्या दिवशी माझा हा रस्ता बंद झाला.

एक गोष्ट खरेदीच्या वेळची. आठ-दहा हजारांनी स्वस्त मिळणारी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) अनेकदा आडमार्गाने आयात केलेली असते. त्यावर दुकानाची वॉरंटी असते, कंपनीची भारतातली नसते. कार्डावर भारतातल्या कंपनीचं नाव आणि बिलावर सिरीयल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅग हे कॅमेऱ्याचं घर नव्हे

पावसाळ्यात बंद बॅगेचं कापड ओल धरून ठेवतं. मी आता स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा वापरते. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि चारेकशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. फार खाली गेला तर रबर वाळतं, 60 च्या वर रेंगाळला तर फंगस. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. एसी गाडीतून किनाऱ्यावर उतरताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायचा, नाहीतर गार काचेवर आणि आतही दव धरतं.

दर महिन्याच्या एक तारखेला मी डब्यातल्या मापकाचा कॅमेऱ्यासकट फोटो काढते आणि स्वतःलाच ईमेल करते. नंतर घेतलेल्या नव्या बॉडीचे आतापर्यंत चौदा फोटो झाले आहेत. सगळ्यात वरचा आकडा 52, जुलैतला.