पितृत्व, डीएनए चाचणी आणि जन्मदाते नसलेल्या वडिलांचे हक्क : पुण्यातील पालकांसाठी मार्गदर्शन

वैध विवाह टिकून असताना जन्मलेले, किंवा विवाह संपुष्टात आल्यानंतर आईने पुनर्विवाह केलेला नसताना 280 दिवसांच्या आत जन्मलेले मूल हे त्या पतीचेच औरस अपत्य आहे, असे कायदा निर्णायकपणे मानतो. पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 112 मध्ये असलेली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आली आहे. म्हणूनच, ज्याच्या मनात शंका आली आहे त्याने प्रयोगशाळेचा पत्ता शोधण्याआधी हे कलम शांतपणे वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हे गृहीतक खोडण्यासाठी, गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करावे लागते. हिंजवडीतील एखाद्या कंपनीने त्या काळात परदेशी पाठवले असेल, तर पासपोर्टवरील शिक्के, हजेरीपत्रक आणि बदलीचा आदेश हीच खरी कागदपत्रे होत. दोघे एकाच घरात राहत असतील, तर केवळ संशय किंवा मोबाइलवरील संदेश यांच्या बळावर हे गृहीतक खोडता येत नाही.

डीएनए चाचणीचा आदेश मागण्यासाठी अर्ज शिवाजीनगर येथील कौटुंबिक न्यायालयात, चालू दाव्यातच करावा लागतो. मात्र तो मंजूर होईलच असे समजू नये. पुण्याच्याच कौटुंबिक न्यायालयाने एका घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या चाचणीचा आदेश दिला होता आणि उच्च न्यायालयाने तो कायमही ठेवला होता. परंतु फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पत्नीवरील व्यभिचाराचा आरोप पतीने इतर पुराव्यांनी सिद्ध करावा, त्यासाठी मुलाच्या औरसपणावर प्रश्नचिन्ह लावू नये, ही त्या निकालातील भूमिका मला मनापासून योग्य वाटते, कारण त्या भांडणात ज्याची काहीच चूक नाही असे एकटे मूलच असते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : चाचणी न्यायालयाच्या आदेशाने झालेली असून तिच्या अचूकतेवर वाद नसेल, तर गृहीतकापेक्षा वैज्ञानिक सत्याला महत्त्व द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पोटगीच्या एका प्रकरणात म्हटले होते.

गालाच्या आतील भागावरून काडी फिरवून घेतलेला नमुना परस्पर खासगी प्रयोगशाळेत पाठवणे सोपे असते. मात्र नमुना कोणाचा होता, तो कोणासमोर घेतला आणि वाटेत कोणाच्या हाती होता, याची नोंद नसल्याने असा अहवाल न्यायालयात टिकणे कठीण असते. शिवाय आईला अंधारात ठेवून केलेली अशी चाचणी घर मोडू शकते, आणि तेवढे होऊनही कायदेशीर पितृत्व जिथे होते तिथेच राहते.

याच गृहीतकामुळे, विवाहात जन्मलेल्या मुलाला वाढवणारा पुरुष जन्मदाता नसला तरी कायद्याने त्याचा पिता असतो. ताबा, भेटी आणि पालकत्व याबाबतचे त्याचे हक्क त्यावरच उभे असतात आणि पोटगीची जबाबदारीही. त्रयस्थ पुरुषाकडून पोटगी मागणाऱ्या एका मुलाच्या प्रकरणात, औरसपणा ठरला की कायदेशीर पितृत्वही ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले. दात्याच्या शुक्राणूंपासून झालेल्या अपत्याबाबत तर 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आणखी ठाम आहे : ते मूल त्या दांपत्याचे जैविक अपत्यच मानले जाते आणि दात्याचा त्याच्यावर कोणताही हक्क उरत नाही.

सावत्र वडिलांची स्थिती मात्र वेगळी आहे. त्यांनी मुलाला कितीही मायेने वाढवले असले, तरी 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार ते नैसर्गिक पालक ठरत नाहीत. बाल न्याय कायद्याखालील सावत्र-पालक दत्तकविधान हा त्यांच्यासाठी सर्वांत भक्कम मार्ग होय. त्यासाठी ‘केअरिंग्ज’ या दत्तक प्रक्रियेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्मदाते वडील हयात असल्यास बाल कल्याण समितीमार्फत त्यांची संमती आणि मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असल्यास त्याचीही संमती लागते. 2021 च्या दुरुस्तीने दत्तकाच्या आदेशाचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहेत. पहिल्या पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईने मुलाला नव्या पतीचे आडनाव लावणे हा तिचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल सांगतो. पण आडनाव बदलल्याने वारसाहक्क मिळत नाही, तो दत्तकविधानाने मिळतो.

खर्चाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाव्याच्या पहिल्याच तारखेला, कामकाज बंद दालनात चालवावे असा अर्जही द्यावा. दोघांपैकी एकाने मागणी केली, तरी कौटुंबिक न्यायालयाला ती मान्य करावी लागते.