व्हॉइसमेल पोचत नाही? रीस्टार्ट करण्याआधी या चुका टाळा

मुंबईतील कार्यालयांच्या व्हॉइसमेल यंत्रणा सांभाळताना गेल्या अनेक वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या तक्रारीचे शब्द बदललेले नाहीत : “निरोप पोचत नाही.” या तीन शब्दांत निदान चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. निरोप निघालाच नसेल, वाटेत अडकला असेल, भलत्याच मेलबॉक्समध्ये पडला असेल किंवा नीट पोचूनही नवा निरोप आल्याचे सांगणारा फोनवरचा दिवा लागला नसेल. यांपैकी नेमके काय झाले हे न विचारता सर्व्हरला हात घालणारे नवशिके दर महिन्याला भेटतात.

दिव्यापासूनच सुरुवात करतो, कारण निम्मी धावपळ त्याच्यापायी होते. निरोप पोचवणे आणि दिवा लावणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. जुन्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजवर, व्हॉइसमेल एखाद्या मोकळ्या पोर्टवरून (जोडणीच्या लाइनवरून) ठरावीक कोड फिरवून दिवा लावते. सकाळी दहाच्या सुमारास सगळे पोर्ट कॉलमध्ये गुंतलेले असले, तर दिवा उशिरा लागतो किंवा लागतच नाही. संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या एसआयपी फोनवर त्याची सूचना वेगळ्या संदेशाने जाते आणि तो संदेश हरवला तरी निरोप मेलबॉक्समध्ये सुरक्षित असतो. म्हणून तक्रार करणाऱ्याला मी आधी मेलबॉक्समध्ये शिरून ऐकायला सांगतो. निरोप तिथे सापडला, तर नेटवर्कच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे : “हॅलो, हॅलो, टेस्टिंग” एवढे बोलून निरोप पाठवायचा, तो पोचला की यंत्रणा ठणठणीत असल्याचे जाहीर करायचे आणि जेवायला जायचे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे मुख्य कार्यालय नरिमन पॉइंटला आणि शाखा अंधेरीच्या एमआयडीसीत होती. विक्री विभागाचे प्रमुख दर सोमवारी सकाळी शाखाधिकाऱ्यांसाठी आठवड्याच्या सूचना रेकॉर्ड करत आणि अंधेरीला त्या कधीच मिळत नसत. आमचा एक उत्साही मुलगा दोनदा चर्चगेटहून अंधेरीला जाऊन आला. दोन्ही वेळा त्याने पाच सेकंदांचा निरोप पाठवला, दोन्ही वेळा तो क्षणात पोचला आणि दोन्ही वेळा त्याने “साहेबांची बटण दाबण्यात चूक होते” असा अहवाल दिला. तिसऱ्या सोमवारी साहेबांचा फोन थेट मला आला. त्यांचा आवाज कसा होता, हे इथे लिहिण्यासारखे नाही.

मी त्यांना एवढेच विचारले, की तुम्ही किती वेळ बोलता? उत्तर आले, “चार-पाच मिनिटे.” तिथेच गाठ सुटली. दोन शाखांमधले निरोप ईमेलसारखे एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, कंपनीच्या मेल सर्व्हरमधून जात होते. आवाज जी.७११ या पद्धतीने, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट या दराने साठवला जात होता. त्या हिशेबाने एका मिनिटाचे सुमारे ४८० किलोबाइट होतात आणि मेलमध्ये घालण्यासाठी बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलले की ते एक तृतीयांशाने फुगून ६४० वर जातात. मेल सांभाळणाऱ्यांनी कोणालाही न कळवता मेलच्या आकाराला दोन मेगाबाइटची मर्यादा घातली होती. तीन मिनिटांचा निरोप जेमतेम निसटत होता. त्याहून लांबलेला ५५२ या, म्हणजे ‘आकार मर्यादेबाहेर’ अशा कोडसह परत येत होता. परतीची सूचना ज्या मेलबॉक्समध्ये पडत होती, तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर होता आणि त्यात अशा कित्येक सूचना न ऐकलेल्या साचल्या होत्या.

आम्ही मर्यादा वाढवून घेतली आणि शाखांमधली वाहतूक जी.७२६ या आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीवर, सेकंदाला ३२ किलोबिटवर आणली, त्यामुळे आकार निम्मा झाला. व्हॉइसमेल यंत्रणांनी एकमेकींना निरोप कसे पाठवावेत हे ठरवणाऱ्या व्हीपीआयएम मानकातही याच पद्धतीची अपेक्षा आहे. वेळ वाचवण्यासाठी कोणीतरी सेटिंग जसेच्या तसे सोडून दिले होते. तेव्हापासून माझा शिरस्ता असा, की जो निरोप अडकला त्याच लांबीचा, त्याच माणसाच्या फोनवरून आणि त्याच मेलबॉक्ससाठी पाठवून पाहायचा. पाच मिनिटे बोलायचे काय, असा प्रश्न पडला तर वर्तमानपत्र वाचावे. मी अग्रलेख वाचतो.

रीस्टार्टविषयी माझे मत कडवट आहे. रांगेत थांबलेले निरोप हाच तुमचा पुरावा असतो. रांग रिकामी करून बसलात, तर निरोपही गेले आणि कारणही गेले. एसएमटीपीचा ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करील. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कारण दूर होईपर्यंत कितीही वेळा पाठवले तरी तेच उत्तर मिळेल. एवढा एक अंक वाचायला अर्धा मिनिट लागतो, तरी लोक आधी वीज बंद करतात.

थोडक्यात सांगण्याजोग्या चुकाही आहेत. भरलेला मेलबॉक्स आधी तपासावा. ग्रुप लिस्टमध्ये सोडून गेलेल्यांची नावे ठेवू नयेत. अँटिव्हायरस आवाजाची फाइल काढून घेत नाही ना, हे पाहावे. दोन व्हॉइसमेल यंत्रे जोडण्याच्या जुन्या अमिस पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला फोन लावून निरोप वाजवून दाखवते, तेव्हा बाहेरच्या लाइनचा शून्य क्रमांकात आहे का ते पाहावे. त्या लाइनवरचा आवाज जी.७२९ या पद्धतीने फार दाबलेला असेल, तर यंत्रे एकमेकांना ज्यांनी आकडे कळवतात ते टोन ओळखले न जाण्याची शक्यता मोठी असते.

सर्वांत फसवी चूक क्रमांकांची. लोअर परळला २१४५ हे एक्स्टेंशन आहे आणि नव्या ठाणे शाखेतही कोणीतरी २१४५ देऊन टाकला आहे. अशा वेळी निरोप परत येत नाही, लॉगमध्ये ‘पोचला’ अशी नोंद दिसते आणि पगारवाढीची गोष्ट गोदामातला माणूस ऐकतो. प्रत्येक शाखेला एक्स्टेंशनच्या आधी लावायचा तीन आकडी स्वतंत्र लोकेशन कोड द्यावा. कोणी “सध्या चालू द्या, कोड नंतर लावू” म्हटले, तर मी शाखा जोडत नाही. सर्व शाखांच्या एक्स्टेंशनची यादी मी एका कागदावर हाताने लिहून पाकिटात ठेवतो. तरुण सहकारी हसतात, पण नवीन शाखा जोडायच्या दिवशी तोच कागद मागायला येतात.