ऑक्टेव्ह माउथ ऑर्गन जड वाजत होता, तो असा हलका झाला

ऑक्टेव्ह हार्मोनिकात, म्हणजे ऑक्टेव्ह माउथ ऑर्गनमध्ये, एका सुराला दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एक दुसरीच्या बरोबर सप्तकभर खाली. पेटीतल्या खर्ज (खालच्या) आणि नर (मधल्या) सुरांच्या जोडीसारख्या. ट्रेमोलो या दुसऱ्या प्रकारच्या माउथ ऑर्गनमध्ये दोन्ही रीड जवळपास एकाच सुरात, किंचित फरकाने लावतात, म्हणून तो लहरतो. ऑक्टेव्ह भरदार, स्थिर वाजतो, पण एका श्वासात दोन रीड हलवायच्या म्हणजे हवा जास्त लागणारच.

माझ्याकडे मात्र डावीकडचे सूर हळू फुंकले की वरच्या सुराचीच रीड बोलायची, खर्ज मागून घरंगळत यायचा. कव्हर काढून उजेडात आडवं धरलं. खर्जाच्या रीडची टोकं, त्या जिच्यावर बसवलेल्या असतात त्या प्लेटपासून, फारच वर उठलेली होती! ओढायच्या (श्वास आत घेताना वाजणाऱ्या) रीड बाहेरच्या बाजूला असतात, त्या टूथपिकने मुळाशी, रिव्हेटजवळ, हलकेच दाबल्या. फुंकायच्या आतल्या बाजूला. त्या खाचेतून बारीक आकड्याने बाहेर ओढल्या. फट साधारण रीडच्या जाडीएवढी ठेवली. त्याहून कमी केली तर जोरात फुंकल्यावर रीड गुदमरते. दर वेळी थोडंच दाबायचं, मग वाजवून बघायचं. सुरी वगैरे लावू नका, ओरखड्याने सूर बदलतो.

आता दोन्ही रीड हळू फुंकरीलाही एकदमच बोलतात. हवा तरी सुराला एकच रीड असलेल्या माउथ ऑर्गनपेक्षा जास्तच लागते.